सासऱ्यांचा कान

मी माझ्या सासऱ्यांचा कान विकला. छान कापसाच्या गादीवर ठेवून, डबीला रिबन बांधून, "पुन्हा या हं" असं म्हणून विकला. त्या आनंदात घरी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. सासऱ्यांनाही दिलं. त्यांनी दोनदा मागून घेतलं.

ही गोष्ट सांगितली की लोक आधी हसतात आणि मग जरा सरकून बसतात, जणू आता त्यांच्याही एखाद्या अवयवावर माझा डोळा आहे. म्हणून मी पहिल्यापासून सांगते. दोष माझा किती आणि सासऱ्यांचा किती, हे ऐकणाऱ्याने ठरवावं. माझ्या वाटणीचा निम्मा मी आधीच मान्य करून टाकला आहे.

सासऱ्यांना आमची सगळी गल्ली 'डॉक्टर' म्हणते. स्वतः ते दवाखान्याची पायरी कधी राजीखुशीने चढलेले नाहीत. ते रेडिओ दुरुस्त करायचे. पुढे टेपरेकॉर्डर, टीव्ही, मिक्सर, जे येईल ते. चाळीस वर्षं एकाच दुकानात, एकाच लाकडी खुर्चीवर. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, रस्त्याकडे उघडणारी, तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या. खुर्चीच्या उजव्या हातावर गरम कथलाचे इतके थेंब पडलेत की तो हात आता नक्षीचा वाटतो.

त्यांची ख्याती होती ती कानाची. दुसरे मेकॅनिक आधी मीटर लावतात. हे आधी ऐकायचे. गिऱ्हाईक सेट घेऊन आलं की हे म्हणायचे, "लावा." मग डोळे मिटून त्या घरघरीकडे, गुणगुणीकडे कान द्यायचे आणि निकाल सांगायचे, "कपॅसिटर फुगलाय." उघडून बघावं तर फुगलेलाच असायचा. शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय हे त्यांनी भिंतीपलीकडून ओळखलं होतं. लॉन्ड्रीवाला अजून ते सांगतो. सासूबाईंचं म्हणणं इतकंच, की या माणसाला जगातल्या सगळ्या यंत्रांचं ऐकू यायचं, फक्त बायकोचं सोडून.

मग हळूहळू बाजारात अशा वस्तू यायला लागल्या, ज्या उघडतच नाहीत. सगळं आतून चिकटवलेलं. सासरे असा एखादा फोन उलटासुलटा करून बघायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "याला स्क्रूच नाही. हा कसला माणूस!" गिऱ्हाईक कमी झालं. ज्यांनी सेट आणून टाकले होते ते न्यायला आले नाहीत. दुकानाचं गोदाम झालं आणि डॉक्टर त्या गोदामाचे राखणदार.

मी तेव्हा एका जाहिरात कंपनीत दुसऱ्यांच्या साबणांची चित्रं काढायचे. कंपनी बुडाली. मी घरी बसले आणि घरातल्या सगळ्यांना माझा त्रास व्हायला लागला, म्हणून सासऱ्यांचा जेवणाचा डबा दुकानात पोचवायचं काम माझ्याकडे आलं. अशीच एका दुपारी डबा घेऊन गेले, तर दारातून येणाऱ्या उन्हात एक उघडं सर्किट पडलेलं. हिरवंगार, त्यावर सोनेरी रेघा. सगळे म्हणतात तसं मलाही ते विमानातून दिसणाऱ्या गावासारखं वाटलं. मी विमानात बसलेली नाही, पण वाटलं. मी ते घरी आणलं, बारीक करवतीने दोन चौकोन कापले, कडा कानसेने घासल्या, आकडे लावले आणि कानात घातले. बसमध्ये एका बाईने विचारलं, "कुठून घेतलीत?" झालं. एवढ्या भांडवलावर मी कलावंत झाले.

सासऱ्यांनी दुकानाचा अर्धा भाग मला दिला. अर्धा म्हणजे खिडकीकडचा, चांगला. पण एक अट घातली.

"मेल्याशिवाय कापायचं नाही," ते म्हणाले. "आणि मेलंय की नाही, ते मी सांगणार."

त्यासाठी आमच्या टेबलावर दोन ट्रे असत. दोन्हींवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. एकावर 'आहे', दुसऱ्यावर 'गेला'. भंगारवाल्याकडून, ओळखीच्यांकडून, कचऱ्याच्या डब्याशेजारून जे काही येई, ते आधी त्यांच्या हाताखालून जाई. 'गेला'मध्ये पडलं की माझं. मग मला कोणालाही विचारायची गरज नाही.

अडचण एवढीच होती की 'गेला'मध्ये काही पडतच नसे. डॉक्टर एखाद्याला मेलेला म्हणायलाच तयार नसत. मी एखाद्या जुन्या प्रिंटरच्या सुंदर निळ्या बोर्डावर जीव टाकून बसलेली असायचे, आणि हे चार दिवस त्याच्याशी झटापट करून तो चालू करायचे. वर तो मूळ मालकाला परत नेऊन द्यायचे! ज्या माणसाने मोठ्या सुटकेने प्रिंटर टाकला, त्याच्या दारात आठ दिवसांनी हा म्हातारा उभा, बगलेत तोच प्रिंटर, आणि चेहऱ्यावर बाळंतपण सुखरूप झाल्याचा आनंद. आमच्या गल्लीतले लोक त्यांना येताना बघून दुकानांत शिरायचे. एका जोडप्याने तर तोच टोस्टर तीनदा टाकला. शेवटी ते घर बदलून गेले, आणि टोस्टर मागेच ठेवला.

यावरून आमची रोज जुंपायची.

"बाबा, हे कोणाला नकोय!"

"त्याचा काय दोष त्यात?"

"मी दागिने कशाचे करू मग?"

"जे मेलंय त्याचे कर."

"तुम्ही मरू देत नाही ना पण कोणाला!"

नवरा ऑफिसातून येऊन हे ऐकायचा आणि वैतागायचा. त्याला वडिलांची काळजी होती, हे खरं. एकदा ते दुकानाच्या पायरीवरून घसरले होते, तेव्हापासून त्याने धोशाच लावला होता, "बाबा, आता घरी बसा. बास झालं." एक दिवस तो जरा जास्तच बोलला, तेव्हा सासरे जेवता जेवता थांबले. म्हणाले, "ज्या दिवशी माझा कान जाईल, त्या दिवशी मी स्वतः ती खुर्ची उचलून बाहेर ठेवीन. तुला सांगावं लागणार नाही. तोवर हा विषय बंद." आणि सासरे दिलेला शब्द पाळतात. हा त्यांचा दुर्गुण सगळ्यांना माहीत असल्यामुळे नवरा गप्प बसला.

आता जे मला नंतर कळलं ते आधीच सांगते, म्हणजे माझी फजिती नीट समजेल. हा शब्द त्यांनी दिला, तेव्हा त्यांचा कान आधीच गेलेला होता. दोन्ही बाजूंनी. ते गुपचूप एका दवाखान्यात जाऊन आले होते. डाव्या कानाचा काही उपयोग नव्हता. उजव्या कानात बसेल असं एक यंत्र त्यांनी बनवून घेतलं, कानाच्या आत दडणारं, शेंगदाण्याएवढं. आणि ते कोणाला दिसू नये म्हणून भर उन्हाळ्यात कानटोपी घालायला सुरुवात केली. "कानात वारं जातं," म्हणायचे. आम्ही हसायचो. सासूबाई म्हणायच्या, "जाऊ दे, काहीतरी आत जातंय हे काय कमी आहे!"

शहरातल्या मोठ्या सभागृहात हस्तकलेचं प्रदर्शन होतं आणि मला एक टेबल मिळालं होतं. याआधी मी दोन प्रदर्शनं केली होती. लोकांनी माझे दागिने हातात घेतले, "किती वेगळं!" म्हणाले, आणि शेजारच्या टेबलावरून मेणबत्त्या विकत घेतल्या. दोन्ही वेळा एक नग गेला नाही. या वेळी चाळीस नग मांडायचे होते आणि माझ्याकडे बावीस होते. मी 'गेला'च्या ट्रेकडे भुकेल्या नजरेने बघत होते.

प्रदर्शनाच्या आधीच्या सोमवारी मी दुकानात शिरले, तर सासरे भिंगाखाली काहीतरी घेऊन बसलेले. टोपी मांडीवर. मी दिसताच त्यांनी ते "काहीतरी" झटकन बाजूच्या ट्रेमध्ये सारलं आणि टोपी घातली.

"काय करताय?" मी भिंगाकडे बोट दाखवून विचारलं.

"सफाई," ते म्हणाले.

खरं होतं. यंत्रात मळ गेला होता. दुसरा कोणी ते दवाखान्यात नेऊन देईल, पण जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं उघडलेला माणूस स्वतःचं यंत्र दुसऱ्याला कसं उघडू देईल? त्यांनी कवच काढून खिशातल्या काडेपेटीत ठेवलं होतं आणि आतला जीव चिमट्याने पुसत होते. तो जीव त्यांनी घाईत ज्या ट्रेमध्ये सारला, तो ट्रे 'गेला'चा होता.

मी दुकानातच बसायला लागल्यापासून डबा बंद झाला होता. ते जेवायला घरी गेले आणि मी ट्रे उपसला. वर सगळी जुनीच माती. आणि त्यात हे! नखाएवढं सोनेरी सर्किट, त्याला केसाहून बारीक तांब्याच्या तारांनी लोंबणारे दोन चकचकीत दाणे, आणि खोबणीत एक छोटंसं बटन सेल, जरासं बाहेर आलेलं. मला वाटलं एखाद्या महागड्या खेळण्यातलं असेल. इतकी नाजूक गोष्ट मी जन्मात पाहिली नव्हती. ट्रेवर चिठ्ठी होती, सासऱ्यांचं अक्षर होतं. विचारायचं कोणाला आणि कशाला? मी ते कागदात गुंडाळून घरी नेलं. ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याच्या तारेची गोल चौकट केली, मधोमध ते बसवलं, मागून दोन थेंब गोंद लावला. लॉकेट झालं. माझ्या आतापर्यंतच्या सगळ्या कामात उजवं झालं, हे मी कान पकडून सांगते.

दुपारी परत आले, तेव्हा सासरे तो ट्रे उलटा करून बसले होते.

"काय शोधताय, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग ट्रे भरून ठेवला आणि उरलेली दुपार काहीही न करता बसून राहिले.

आणि त्या दिवसापासून आमच्या घरात चमत्कार झाला. डॉक्टर सुधारले.

मी एक जुना कीबोर्ड उचलून "हा घेऊ?" म्हटलं, त्यांनी मान डोलावली. मी दचकलेच. "हा मॉडेम?" मान. "हा टोस्टर?" तोच टोस्टर! तरीही मान, वर हसूसुद्धा. मी 'आहे'चा ट्रे अर्धा रिकामा केला आणि त्यांनी ब्र काढला नाही. घरी नवरा म्हणाला, "बाबा, पुढच्या महिन्यात तुमचं सगळं तपासून घेऊ." एरवी यावर तासभर भाषण झालं असतं. बाबा हसून 'हो' म्हणाले. सासूबाईंनी एका संध्याकाळी त्यांना शेजारी बसवून आपल्या माहेरच्यांची सगळी हकीकत सांगितली, चाळीस वर्षांत जी पुरी सांगून झाली नव्हती ती. बाबा मध्ये एकदाही बोलले नाहीत. सासूबाई माझ्यापाशी येऊन डोळे पुसत म्हणाल्या, "उशिरा का होईना, माणूस शहाणा झाला गं."

आम्ही तिघंही खूश होतो. घरातला एक माणूस बहिरा झाला होता आणि आमचं त्याच्याशी इतकं छान कधीच जमलं नव्हतं.

त्यातच मी तो रेडिओ कापला. त्यांच्या खुर्चीशेजारच्या फळीवर एक तपकिरी टेबल रेडिओ असायचा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुरुस्त केलेला सेट. मालक न्यायला आला नाही, तो यांनी ठेवून घेतला. रोज सकाळी दुकान उघडलं की तो लावायचे, दोन स्टेशनांच्या मधोमध काटा नेऊन नुसती खरखर ऐकायचे. गवई गळा साफ करतो तसे हे कान साफ करायचे म्हणा. गेले चार दिवस त्यांनी तो लावला नव्हता. प्रदर्शन परवावर आलेलं. मी फळीकडे बोट दाखवून विचारलं, "बाबा, हा आता लागत नाही ना? कापू?"

त्यांनी मान डोलावली.

मी त्यांच्यासमोर नाही कापला. एवढी अक्कल होती. पण कापला. डायलच्या काचेची, त्यावरच्या आकड्यांसकट, तीन लॉकेटं झाली. लाकडी पेटीचं प्रदर्शनात मांडायला स्टँड झालं. सासऱ्यांनी सकाळी रिकामी फळी पाहिली. मग फळीवरची धूळ हाताने पुसली आणि खुर्चीवर बसले. मी मनात म्हटलं, बघा, किती बदलला माणूस.

प्रदर्शनाला ते माझ्याबरोबर आले. टेबलामागे स्टुलावर बसले, कानटोपी घालून. मी नग मांडत होते, तेव्हा त्यांचा हात एकदम पुढे आला आणि त्यांनी ते सोनेरी सर्किटचं लॉकेट उचललं. तळहातावर ठेवून बघत राहिले. चांगली दोन-तीन मिनिटं. माझ्या कामाकडे त्यांनी कधी इतक्या मायेने पाहिलं नव्हतं.

"छान झालंय ना?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग लॉकेट हळूच जागेवर ठेवलं.

तासाभराने एक बाई आल्या. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, हे त्यांनी पहिल्या मिनिटातच सांगितलं. चाळीसांतून त्यांनी नेमकं तेच उचललं. मी डबी काढली, कापूस घातला, रिबन बांधली. बाई गेल्यावर मी भर सभागृहात उडीच मारली आणि सासऱ्यांना मिठी मारली. ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले. त्यांची नजर दारातून बाहेर जाणाऱ्या बाईंवर होती. मला वाटलं, अभिमान.

त्यानंतर आणखी अकरा नग गेले. मी आइस्क्रीम आणलं, ते आधी सांगितलंच.

दहा दिवसांनी, बुधवारी सकाळी, गाण्याच्या बाई दुकानात हजर. गळ्यात लॉकेट.

"तुमचं हे लॉकेट शिट्टी मारतं," त्या म्हणाल्या.

"लॉकेट?"

"लॉकेट. सेल हलत होता म्हणून मी काल नीट आत दाबून बसवला. तेव्हापासून मान खाली घातली की शिट्टी. मी नातीला जवळ घेतलं, शिट्टी. घरात कोणाला ऐकू येत नाही, सगळे म्हणतात मला भास होतोय. पण माझा कान तयार आहे हो. पस्तीस वर्षं पोरांचे बेसूर ऐकलेत."

त्यांनी हनुवटी छातीला टेकवली. खरंच, एक बारीक, सुईसारखी शिट्टी आली. मला हसूच आलं. मी लॉकेट काढून घेतलं आणि खुर्चीकडे वळले.

"बाबा, बघा तर, हे मेलेलं नाही. बोंबलतंय." आणि लॉकेट त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी मूठ मिटली. मिटल्याबरोबर शिट्टी अशी चढली की बाईंनी कानांवर हात ठेवले. लॉन्ड्रीवाला इस्त्री उभी करून दारात डोकावला. मला दातांपर्यंत झिणझिण्या आल्या. आणि सासरे ती मूठ तशीच धरून आमच्याकडे बघत होते. माझ्याकडे, मग बाईंकडे, मग लॉन्ड्रीवाल्याकडे. हसत होते. मान डोलावत होते. कशाला मान डोलावायची आहे, ते कोणीतरी सांगेल म्हणून वाट बघत होते.

भिंतीपलीकडचं बेअरिंग ऐकणारा हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या मुठीत चाललेला कल्लोळ त्याला ऐकू येत नव्हता.

कीबोर्ड, मॉडेम, टोस्टर, सासूबाईंचं माहेर, रेडिओ, सगळ्यावर डोलावलेली ती मान एकामागून एक आठवत गेली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथेच मटकन स्टुलावर बसले.

त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं. लॉकेट टेबलावर ठेवलं. खिशातून काडेपेटी काढून तिच्यातलं रिकामं कवच लॉकेटशेजारी ठेवलं, कानाच्या आकाराचं. मग उठले. खुर्ची उचलली. दोन पायऱ्या सांभाळून उतरले, फुटपाथवर ती ठेवली आणि तिच्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले. दिलेला शब्द.

मी बाईंना काय झालं ते सांगितलं. त्या माझ्या जागेवर खाली बसल्या.

"म्हणजे मी दहा दिवस यांचा कान गळ्यात घालून हिंडत होते?" त्या म्हणाल्या. मग हळूच, "आणि जावेबद्दल काय काय बोलले मी!"

मी त्यांना बदल्यात हवं ते घ्या म्हटलं. त्यांनी रेडिओच्या काचेचं लॉकेट निवडलं.

त्या गेल्या आणि मी चौकट कापायला घेतली. कापणं मला येतं. गोंद सुटला. पण सुटताना एका दाण्याची तार तुटली, केसाहून बारीक. ती जोडायची कशी? तीन वर्षं मी या दुकानात शेकडो गोष्टी फोडल्या होत्या. जोडली एकही नव्हती. चिमट्यात तार धरली की ती दिसेनाशी व्हायची. अर्ध्या तासात मला घाम फुटला.

शेवटी मी लहान टेबल उचललं, फुटपाथवर नेऊन त्यांच्या खुर्चीसमोर ठेवलं. भिंग आणलं, सोल्डरिंग गन आणली, वायर दारातून ओढली. ते तोंड फिरवून बसले होते. मी त्यांचा हात धरून भिंगाखाली ओढला.

त्यांनी टोपी काढली. सगळ्या गल्लीसमोर. टेबलावर ठेवली.

आता बारीक दिसायला डोळे माझे, आणि डोकं त्यांचं. ते दात कोरायच्या काडीने दाखवत होते, इथे टेकव, थांब, उचल. मी काही विचारलं तर उपयोग नव्हता. म्हणून मी लग्नानंतर पहिल्यांदाच तोंड बंद ठेवून सासऱ्यांचं ऐकत होते. दोनदा तार निसटली. त्यांनी माझ्या मनगटाखाली स्वतःचा हात ठेवला, टेकू म्हणून. लोक जमले. लॉन्ड्रीवाल्याने विचारलं, "डॉक्टर, काय चाललंय?"

"ऑपरेशन!" मी ओरडले. "सरका, उजेड येऊ दे."

टाका बसला. त्यांनी फ्यूजच्या डब्यामागून सेलचं नवं पाकीट आणायला सांगितलं, खुणेने. ते तिथे आहे हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. आतला जीव कवचात गेला. त्यांनी ते कानात बसवलं, डोळे मिटले. रस्त्यावरून एक रिकामा टेम्पो खडखडत गेला, तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं. मग मान तिरकी करून दुकानाच्या आत कान दिला.

"तुझ्या खिडकीतल्या पंख्याचं बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. "केव्हापासून असा घरघरतोय?"

मला रडूच फुटलं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं. प्रदर्शनात तुम्ही ते हातात घेतलं होतं. सांगितलं का नाही?"

"तुझा पहिला नग जात होता," ते म्हणाले. "तू उडी मारलीस. मी काय सांगू त्यात?" मग खरं बोलणं भाग पडल्यासारखे म्हणाले, "आणि ते सांगितलं असतं, तर हीही बाहेर ठेवावी लागली असती." त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं.

"दुसरं करून घ्यायचं होतंत."

"दवाखान्यात म्हणाले, या वेळी घरचं कोणीतरी घेऊन या."

मी नाक पुसलं. ते टेबलावरच्या तांब्याच्या तुकड्यांशी चाळा करत होते.

"रेडिओ कापायच्या आधी विचारलं होतंस का मला?"

"विचारलं होतं. तुम्ही मान डोलावलीत."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "कुठे आहे तो?"

"पेटी आत आहे. काच त्या बाईंच्या गळ्यात गेली, आत्ताच."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "ती शिट्टी मारणार नाही."

लोक पांगले. मी टेबल उचललं आणि म्हटलं, "चला, खुर्ची घ्या आत."

"नाही. मी पोराला शब्द दिलाय. कान गेला की खुर्ची बाहेर."

सासऱ्यांशी वाद घालून कोणी जिंकल्याचं आमच्या घरात ऐकिवात नाही. पण त्या दिवशी मी जिंकले.

"कान गेला नव्हता, बाबा," मी म्हटलं. "मी विकला होता."

ते उठले, खुर्ची उचलली, दोन पायऱ्या चढून आत नेली आणि होती तिथे ठेवली. बसायच्या आधी त्यांनी 'गेला'चा ट्रे ओढला, त्यातला वरचाच एक बोर्ड घेतला, उन्हात धरून पाहिला आणि 'आहे'मध्ये टाकला.

"बाबा, तो माझा आहे!" मी ओरडले.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "ऐकू येतंय मला."